बोला ‘वाढली’, लिहा ‘फुटली’

आमच्या घरात कुणाला ताप आला की थर्मामीटर मीच लावते. तोंडाने सांगते, "आहे थोडासा, उतरेल," आणि वहीत जो असेल तो आकडा लिहिते. सूनबाईच्या हे लक्षात आल्यापासून ती मला काही विचारतच नाही. उठते आणि वही बघते. परवा नातू तिला म्हणाला, "आजी खोटं बोलते, पण खरं लिहिते." मला हसू फुटलं आणि पाठोपाठ रंगरेज मास्तर आठवले. ही खोड त्यांची. मला ती नगरला लागली आणि काही केल्या गेली नाही.

दुसऱ्या मोठ्या लढाईची शेवटची वर्षं होती. मी पुण्याहून नवीकोरी बी.एस्सी. होऊन नगरच्या एका मुलींच्या हायस्कुलात शास्त्र शिकवायला आले होते. बी.एस्सी. झालेली बाई म्हणजे त्या काळी नगरात बघायला यावं असं प्रकरण होतं, आणि मीही त्याच तोऱ्यात होते. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या हेडमिस्ट्रेसनी, पहिल्याच दिवशी मला मागच्या अंगणातली प्रयोगशाळा दाखवली. एका भिंतीला लेझीमांची पेटी, दुसऱ्या भिंतीला दोन कपाटं, मधे लांब टेबल, आणि टेबलापाशी एक उंच, वाळका माणूस परीक्षानळी उजेडाकडे धरून उभा. काळा कोट, डोक्यावर काळी टोपी. कोटाच्या बाह्यांना ॲसिडने पाडलेली भोकं हिरव्या दोऱ्याने रफू केलेली.

"हे दाऊद रंगरेज मास्तर," मोठ्या बाई म्हणाल्या. "प्रयोगाचं सगळं हेच बघतात." मग बाहेर आल्यावर हळूच म्हणाल्या, "इंटर नापास आहेत. पण तुम्ही काही बोलू नका हो."

मी बोलणार नव्हतेच, पण मनात ते बसलं. आठवडाभर मी त्यांच्याशी जरा वरूनच बोलत होते. आठवड्यानंतर माझं माझ्याच लक्षात आलं की मला रसायन पाठ होतं आणि त्यांना ते येत होतं.

मास्तर मूळचे श्रीगोंद्याचे. घरचा धंदा रंगाऱ्याचा. वडील लुगडी, पागोटी रंगवत. पिंपातल्या पाण्यात चुना किती झाला हे ते जिभेच्या शेंड्यावर थेंब घेऊन सांगायचे, असं मास्तर मोठ्या अभिमानाने सांगत. "अब्बांची जीभ म्हणजे आमचा लिटमस होता, बाई. जेवताना मीठ कमी-जास्त कळायचं नाही, पण चुना कळायचा."

लिटमसवरून आठवलं. लढाईमुळे बाहेरून काही येईना. लिटमसचे कागद संपले तेव्हा मी हात टेकले. मास्तरांनी दुसऱ्या दिवशी घरून हळद आणली आणि चुन्याची निवळी केली. वर्गातल्या सतरा मुली टेबलाभोवती गोळा झाल्या. हळदीच्या पाण्यात त्यांनी निवळी घातली आणि पिवळ्याचं लालभडक झालं.

"कुंकू!" मुली एका सुरात म्हणाल्या. एकीने धीर करून विचारलं, "मास्तर, तुमच्यात तर कुंकू लावत नाहीत. तुम्हाला कसं ठाऊक?"

"आमच्यात लावत न्हाईत, पण आमच्या आळीतल्या समद्या बायांचं कुंकू माझी आई करून द्यायची. रंगाऱ्याचं घर ना." भान हरपलं की मास्तर असे श्रीगोंद्याच्या बोलीवर येत. "आता बघा." त्यांनी पातळ केलेल्या ॲसिडचे थेंब सोडायला सुरुवात केली. एका थेंबाला काही झालं नाही, दुसऱ्याला नाही, आणि पुढच्या एका थेंबाला सगळं लाल एकदम पिवळं झालं.

मुली दचकल्याच. "अगंबाई! कुंकू पुसलं!" कुणीतरी म्हणालं आणि खोली चिडीचूप झाली. असलं काही बोलू नये, बघूही नये, अशाच घरांतून त्या आल्या होत्या. मीसुद्धा अवघडले.

मास्तरांनी नळी सगळ्यांपुढे धरली. "पुसलं कुठं? परत हळद झाली. हळदीनं कुणाचं काय वाईट केलंय? हळद आधीच लागते ना तुमच्यात?" मग मुली हसल्या. "पण ध्यानात ठेवा, कितव्या थेंबाला झाली ते. चुन्यात जेवढा जोर तेवढंच ॲसिड तो मागतो. एक थेंब कमी दिला तर लालच राहतो, एक जास्त झाला तर तो वाया. मापाला माप लावू नका, जोराला जोर लावा."

हे जोराला जोर प्रकरण त्यांचं फार आवडतं. चाळीस भार कॉस्टिक सोड्याला साडेछत्तीस भार हायड्रोक्लोरिक ॲसिड लागतं, तेव्हा दोघं मिळून मीठ आणि पाणी होतं आणि मागे कुणीच उरत नाही, हे ते वर्षातून पन्नास वेळा तरी सांगत. त्यामुळे शिक्षकांच्या खोलीत त्यांचं नाव पडलं होतं साडेछत्तीस मास्तर. मराठीच्या बाई एकदा त्यांना चिडवायला म्हणाल्या, "मास्तर, छत्तीसचा आकडा म्हणजे भांडणाचा. तुमचं त्यावर कसं जमलं?"

"छत्तिसाला अर्धा जोडा, बाई," मास्तर चहा निववत म्हणाले, "मग चाळिसाशी लई बेस जमतं. भांडणं अर्ध्यासाठीच असतात."

आता मूळ गोष्टीकडे येते. काच महाग झाली होती आणि मुलींच्या हातून नळ्या फुटत. आमच्यात बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. काच फुटली की मुलींच्या तोंडी तेच यायचं. हातातली नळी सटकून खळ्‌कन आवाज झाला की पाठोपाठ बारीक आवाज यायचा, "मास्तर, वाढली." मास्तरांना याचं भारी कौतुक. ते कधी रागावले नाहीत. फक्त फुटतुटीची वही पुढे करायचे. एका मुलीने त्या वहीत सुबक अक्षरात लिहिलं, ‘एक परीक्षानळी वाढली.’

मास्तरांनी ते वाचलं आणि पेन्सिल परत तिच्या हातात दिली. "पोरी, बोलताना वाढली म्हण. बोलणं माणसासाठी असतं, त्याला जपावं लागतं. पण लिहिताना फुटली लिही. नाहीतर पुढल्या वर्षी कुणीतरी वही वाचून म्हणेल, यांच्या नळ्या वाढल्यात, आणि आपल्याला नव्या मिळायच्या नाहीत."

आमची पाथर्डीकडची शिपाईण भागूबाई दारात उभी होती. ती पदर तोंडाला लावून हसली. "मास्तर, तुमचं लई अवघड हाय बगा. तोंडाला येक न् हाताला येक."

"व्हय भागूबाई. दोन्ही खरंच, पण जागा येगळ्या."

तेव्हापासून ‘बोला वाढली, लिहा फुटली’ ही त्या खोलीतली म्हणच झाली. मला ती गमतीची वाटे. ती किती जड आहे हे कळायला एक प्रयोग लागला.

ॲसिड आणि सोडा एकत्र आले की भांडं गरम होतं. ती उष्णता मोजायचा प्रयोग वरच्या वर्गाला असे. पुस्तकात तिचा आकडा दिलेला होता, तेरा हजार सातशे कॅलरी. गंमत अशी की ॲसिड हायड्रोक्लोरिक घ्या नाहीतर नायट्रिक, खार सोड्याचा घ्या नाहीतर पोटॅशचा, जोरदार असले की आकडा तोच. मुलींना ते खरं वाटेना. मास्तर म्हणायचे, "नावं चार, गावं चार, पण शेवटी होतं काय? पाणीच ना? ही ऊब त्या पाण्याची आहे." आणि एखाद्या मुलीचा हात धरून भांड्याला लावायचे. "आधी हाताला विचारा, मग थर्मामीटरला."

थर्मामीटर आमच्याकडे एकच होता. अर्ध्या-अर्ध्या अंशाच्या रेघांचा. मास्तर तो कापडात गुंडाळून स्वतःच्या खिशात ठेवत, कपाटावर त्यांचा विश्वास नव्हता.

तर या प्रयोगात आमच्याकडे तेरा हजार सातशे कधीच येत नसे. पारा साडेपाच अंश चढायचा आणि थांबायचा. हिशेब केला की अकरा हजार. दहा वेळा करा, अकरा हजार. सोडासुद्धा पुण्यामुंबईचा नव्हता, केडगावच्या एका साबणवाल्याकडून मास्तर सायकलवर आणत. आणि वहीत दरवेळी, टाकाने, स्वच्छ अक्षरात: ‘अकरा हजार.’

मी एकदा म्हटलं, "मास्तर, निदान जरा जवळ न्यावा आकडा. बारा-साडेबारा तरी."

"कुठून आणू बाई वरचे?"

"यायला पाहिजेत ना पण."

"यायला पाहिजे ते पुस्तकात आहेच की. वहीत आलेलं लिहायचं." मग म्हणाले, "कमी आलं याची लाज नाही. गेलेलं कुठं गेलं ते शोधावं."

लोक म्हणत, इंटरच्या परीक्षेत यांनी प्रॅक्टिकलला असाच आलेला आकडा लिहिला आणि म्हणून नापास झाले. मी त्यांना एकदा विचारलं. ते म्हणाले, "छे हो. मी गणितात गेलो."

आणि मग पत्र आलं. मॅट्रिकला शास्त्र विषय बसवायला आमच्या शाळेला मंजुरी हवी होती आणि त्यासाठी पुण्याहून इन्स्पेक्टर साहेब प्रयोगशाळा बघायला येणार होते. मोठ्या बाईंनी मला खोलीत बोलावलं. शाळेच्या मंडळींपैकी कुणीतरी रंगरेज मास्तरांच्या वह्या चाळल्या होत्या. इंटर नापास माणूस, वर पुस्तकाशी न जुळणारे आकडे. साहेबांनी नुसतं नाक मुरडलं तरी मास्तरांना प्रयोगशाळेतून काढून फीच्या खिडकीवर बसवायचं ठरलं होतं. "माझा इलाज नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

मी त्या रात्री फार विचार केला असं लिहायला बरं वाटेल, पण खरं सांगायचं तर मुळीच केला नाही. हा माणूस फीच्या पावत्या फाडत बसलेला माझ्याच्याने बघवला नसता. दुसऱ्या दिवशी मास्तर केडगावला गेले होते तेवढ्यात मी सतरा मुलींच्या वह्या मागवल्या. तेरा हजार सातशेवरून उलट हिशेब करत गेले, तर पारा सहा पूर्णांक पंच्याऐंशी शतांश अंश चढायला हवा होता. तसं फळ्यावर लिहिलं आणि म्हटलं, "पान फाडा आणि नव्याने उतरवून घ्या." मुलींनी निमूट उतरवलं. एकीने फक्त विचारलं, "मास्तरांना सांगायचं का?" मी म्हटलं, "नको."

साहेब आले. जाडे, शांत, बोलायला कमी. त्यांनी कपाटं बघितली, फुटतुटीची वही वाचली आणि थोडे हसले. मग मुलींच्या वह्या मागितल्या. एक बघितली, दुसरी बघितली, पाचवीपर्यंत आले आणि थांबले, मग राहिलेल्या सगळ्या भराभर चाळल्या.

"थर्मामीटर बघू."

मास्तरांनी खिशातून काढून दिला. साहेबांनी तो डोळ्यांपाशी नेला. "याला रेघा अर्ध्या अंशाच्या आहेत. तुमच्या सतरा मुलींना पंच्याऐंशी शतांश दिसले कुठे? आणि सतराही जणींना तेच?"

कॉलेजात पहिला वर्ग मिळवलेली मी, आणि रेघा बघायचं मला सुचलं नव्हतं. मास्तरांनी वह्यांकडे पाहिलं. एका क्षणात त्यांना सगळं कळलं, कारण मग त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. मुद्दाम बघितलं नाही.

"साहेब, ती नक्कल पुस्तकावरून उतरवलेली आहे," ते म्हणाले. "प्रयोगाची वही ही." आणि आपली वही त्यांनी पुढे ठेवली.

साहेबांनी पानं उलटली. "अकरा हजार. हे तर फारच कमी आहे."

"व्हय साहेब. म्हणून पुढं बघा."

पुढचं मीही कधी बघितलं नव्हतं. मागच्या सहा-सात रविवारी मास्तर एकटे शाळेत येऊन बसले होते. आमचं भांडं जाड काचेचं, चांगलं वजनदार. त्यात मोजून कढत पाणी ओतायचं, ते किती उतरतं ते बघायचं, आणि त्यावरून भांडं स्वतः किती ऊब पितं ते काढायचं, असं त्यांनी पुन्हा पुन्हा केलं होतं. भांड्याचा वाटा धरून आकडा आला होता तेरा हजार दोनशे.

साहेबांनी त्या पानावरचा हिशेब बोटाने पुन्हा तपासला. मग म्हणाले, "आणि वरचे पाचशे?"

"ते अजून सापडले न्हाईत, साहेब."

भागूबाई दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. साहेबांनी खिशातून पेन काढलं आणि मास्तरांच्या त्या पानाखाली सही केली. मोठ्या बाईंना म्हणाले, "मंजुरी मिळेल. यांना इथून हलवू नका." जाताना थर्मामीटर माझ्या हातात ठेवला आणि निघाले. काही बोलले असते तर बरं झालं असतं.

सगळे गेल्यावर मी मास्तरांपुढे उभी राहिले आणि मला रडू आलं. "तुमच्यासाठीच केलं मी," एवढंच म्हणता आलं.

"ठाऊक हाय." ते टेबल पुसत होते. "बाई, तुम्ही माझ्याबद्दल साहेबांपाशी चार शब्द खोटं बोलला असता तर मी काही म्हटलं नसतं. मान्यच आहे ते. पण पोरींच्या हातून लिहून घेतलंत." पुढे त्यांनी हा विषय कधी काढला नाही. त्या दिवसापासून मी माझे सगळे आकडे त्यांना दाखवू लागले.

मास्तर प्रयोगशाळेतच राहिले. पुढे फाळणीचं ते वाईट वर्ष आलं, शहरात कुजबूज वाढली, तेव्हा एका शिक्षकाने त्यांना तोंडावर विचारलं, "मास्तर, तुम्ही जाणार की काय तिकडे?" मास्तर ब्युरेटमधून, म्हणजे रेघांच्या उभ्या नळीतून, थेंब सोडत होते. नजर न काढता म्हणाले, "अर्धी ब्युरेट सोडून कुठं जाता येतं होय?" विचारणारा ओशाळला. मला त्याचा राग आला होता, मास्तरांना आला होता की नाही ते सांगता येत नाही.

त्याच्या पुढल्या वर्षी ते आजारी पडले. विषमज्वर. औषध म्हणजे तेव्हा पथ्य आणि वाट बघणं. रविवारी मी झेंडीगेटला त्यांच्या घरी गेले. मास्तर खाटेवर, आधीच वाळके, आता नुसत्या रेघेएवढे. जैबुनभाभी, त्यांच्या बायको, उशाशी बसून कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत होत्या. कोनाड्यात शाळेतली जुनी वही होती आणि तीत तापाचे आकडे त्यांच्याच अक्षरात, शेवटचे थोडे थरथरलेले. भाभींनी तापाचा थर्मामीटर, एका रेघेला दोन दशांशांचा, माझ्या हातात दिला. मी तो लावला, उजेडात धरला. एकशेतीन आणि वर दोन रेघा. तेरावा दिवस, आणि ताप उतरायचं नाव नाही. भाभींनी मास्तरांच्या डोक्यामागून मला हात जोडले, मान हलवली. मला कळलं.

"शंभर आहे, मास्तर," मी म्हटलं. "उतरतोय."

त्यांनी डोळे उघडले. स्वतःचा हात उचलून कपाळावर ठेवला, भांड्याला ठेवायचे तसाच, आणि थोडा वेळ ठेवून बघितला. मग हसले.

"बोलायला शंभर बेस हाय, बाई," ते म्हणाले. "लिहा किती?"

मी वही घेतली. त्यांच्या आकड्यांखाली लिहिलं: एकशेतीन पूर्णांक चार. त्यांना दाखवलं. त्यांनी नीट वाचलं, मान हलवली आणि सावकाश म्हणाले, "आता ते पाचशे तेवढे बघा." भाभींना वाटलं तापात बरळतात. त्यांनी पट्टी बदलली.

बुधवारी मास्तर गेले. दोन महिन्यांनी भाभींनी ती वही मला दिली, त्यांना तिचा उपयोग नव्हता आणि मला होता.

त्यानंतर मी एकोणतीस वर्षं रसायन शिकवलं, नगरला आणि मग पुण्याला. केडगावचा सोडा बरणीत पडल्या पडल्या हवेने थोडासा मवाळ होई हे मला पुढे कळलं, त्यात दोनशे सापडले. काचेच्या भांड्याऐवजी थर्मास घेतला तेव्हा हवेत जाणारे आणखी दोनशे सापडले. राहिले शंभर. ते मी शेवटपर्यंत शोधले, निवृत्तीच्या दिवशीसुद्धा एकदा प्रयोग करून बघितला. कुणी विचारलं तर सापडले म्हणून सांगते. मास्तरांच्या वहीत, एकशेतीन पूर्णांक चारच्या खाली, मी लिहून ठेवलं आहे: शंभर, अजून नाहीत.